मयताचं कापड

डोळ्यांत थेंब घालून दत्तारामशेट दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. मागच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या.

“दीर गेले तेव्हा मयताचं कापड आणायला मीच गेले गो, काशी. दत्तारामशेटच्या दुकानात.”

“शेट बसतो हल्ली?”

“कसला! मुलगा बसतो, विनीत. त्यानं कापड फुलाफुलांच्या पिशवीत घातलंन नि हसून म्हणतो कसा, ‘थँक्यू मावशी, पुन्हा या!’”

“मयताच्या कापडाला? मेल्याच्या जिभेला काय हाड?”

“शेट कधी तसं बोलला नाय. साध्या कागदात गुंडाळून द्यायचा नि मान खाली घालायचा. आपण पायरी उतरेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचा नाय.”

“मग तू गप बसलीस?”

“कापड काढून घेतलं नि पिशवी तिथंच फेकली. पण बाराव्याच्या आत सासू गेली गो! तिचं कापड दुसऱ्या दुकानातून आणलं, तरी त्याचं ते ‘पुन्हा या’ कानातून जाईना.”

तेवढ्यात नर्स आली.

“दत्तारामशेट, चला, तुमचा नंबर. विनीत बाहेर आलाय. त्याला आत बोलावू?”

मागचं बोलणं एकदम थांबलं.

“बोलवा,” शेट मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. “पण माझ्याकडे नको. आधी मागच्या बाकासमोर उभा करा त्याला.”