निळ्या केसांची सिस्टर

हुमनाबादच्या स्टँडवर हैदराबादच्या बसची वाट बघत माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीचे केस निळेभोर होते.

“पंचशीला, विमानात बसायच्या आधी केस काळे करून घे माय. आपल्या दुबलगुंडीत लोक नुसते हसलेत, जर्मनीत नोकरीवरून काढतील.”

“आई, तिथल्या मॅडमनं व्हिडिओवर हेच केस बघून नोकरीला घेतलंय मला.”

“हसली आसंल.”

“व्हय, हसल्या. लहान लेकरांचा वॉर्ड हाय. लेकरं रोज विचारायलीत म्हणं, निळ्या केसांची सिस्टर कवा येणार?”

“खरंच?”

“हे बघ, आत्ताच मेसेज आलाय!”

“अगं बया! मग अशी कामून निघालीस? मुळाशी काळे दिसायलेत की! ऊठ, बस येईस्तोवर रंग घेऊन येऊ.”