दोन वातींची टाकी

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं, ताई. मुलीला टाळलं, जावयाला टाळलं. मंडळात गणपतीला माणसं भेटतात, कुणी म्हणतं, काका, तुमचे व्याही फार मोकळा माणूस होते हो, की मी प्रसादाची वाटी उचलून दुसऱ्या टेबलाकडे जातो. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेता असं मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा ना, पहिला हिवाळा, पहिली नोकरी. तिला वाटतंय मी बर्फाचं सांगत बसलोय. सांगतो, थोडं तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पण तुम्ही आहे तसं उतरवा, माझी बाजू सावरू नका.

मी भोसरीचा. वडील एका वर्कशॉपमध्ये टर्नर, मीही टर्नर-फिटर झालो, आणि सव्विसाव्या वर्षी इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आलो ते पंपांच्या कामावर. केमिकल कारखान्यांत पंप असतात, शेकडो, आणि प्रत्येक पंप कधी ना कधी गळतो. ते गळणं थांबवायचं, सील बदलायचं, रिंगा बदलायच्या, हे माझं काम. चौतीस वर्षं, ताई, मी दुसरं काही केलं नाही. माझा पहिला माइस्टर, म्हणजे वरचा मिस्त्री, फार कडक, माझ्या हातातला पाना काढून घ्यायचा आणि विचारायचा, आत काय वाहतंय? मी म्हणायचो, सील फाटलंय. तो म्हणायचा, सील फाटलंय ते मलाही दिसतंय, आत काय वाहतंय ते सांग. गळती दिसली की आधी हे विचारायचं, मग हात लावायचा. त्याने ते माझ्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की झोपेतसुद्धा सांगेन. आणि तरी बघा.

मुलीचं लग्न इथेच नोकरीला असलेल्या मुलाशी झालं, तो सॉफ्टवेअरमध्ये, डार्मश्टाटला जातो रोज. त्याचे वडील म्हणजे आमचे व्याही, अण्णा. इस्लामपूरचे, डोक्यावर कायम टोपी. एसटीत ड्रायव्हर होते, सगळं आयुष्य घाटातून गाडी चालवली. आमची ही गेली त्याच्या पुढच्या वर्षी ते नातीला बघायला म्हणून सहा महिने इथे आले. विहीणबाईंचे गुडघे धरलेले, त्या तिकडेच राहिल्या. मुलगी-जावई दिवसभर ऑफिसला, नात किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, मग अण्णा सकाळी दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे यायचे. दारातूनच आवाज, काय वो पाव्हणं, उठला का न्हाई, का जर्मन झाला? काय सांगू तुम्हाला, वर्षभर मी भिंतींशी बोलत होतो. माणूस आल्यावर घर कसं होतं ते मला पुन्हा कळलं.

त्यांना बिडीचं व्यसन. चाळीस वर्षांचं. इथे बिडी नाही, घरात ओढायची नाही, बाल्कनीत उणे चार. जावयाने त्यांना ई-सिगारेट आणून दिली, ती बॅटरीची, वर छोटी टाकी असते लिक्विडची, आत कापसाची वात आणि तापणारी तार, ओढलं की वाफ येते. अण्णांनी ती बिडीसारखी मुठीत धरून ओढली. पहिल्याच दमाला टाकीतलं लिक्विड नळीत चढलं, कडू, थेट तोंडात. म्हणाले, आवो, ह्यो हुक्का हाय का रेडिएटर? मी हसलो. आणि म्हटलं, आणा इकडे.

तिथे सुरू झालं.

माझ्या केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरात प्रत्येकाची एकेक खोली असते ना, त्यात माझं छोटं लेथ आहे. निवृत्तीनंतर ते नुसतं पुसून ठेवत होतो. मी अण्णांसाठी टाकी बनवायला घेतली. स्टीलची बैठक, प्लास्टिकची पारदर्शक नळी, वर झाकण, दोन रिंगा. वात मी आमच्या हिच्या देवघरातल्या कापसाची वळली, तिचा पुडा तसाच होता. टाकी गळली की मी कानाला लावायचो. हसू नका, पंपाचंही तसंच करतात. वरची रिंग सैल असली की हवा शिरते आणि मधल्या नळीत लिक्विड चढतं, मग ओढताना गुळगुळ असा आवाज येतो, खोल, ओला. वात घट्ट असली तर चर्र होतं, जळका वास येतो. आवाजावरून मी सांगायचो कुठे चुकलंय. अण्णा स्टुलावर बसून बघायचे आणि म्हणायचे, पाव्हणं, तुमी डागदार व्हायाला पायजे हुता.

दोन महिने छान गेले. ताई, माझे ते चांगले दिवस होते, हेही लिहा.

जानेवारीत अण्णांना खोकला धरला. विहीणबाईंनी येताना एक बाटली दिली होती, तिळाच्या तेलात ओवा आणि लवंग कढवून केलेली, छातीला चोळायला. अण्णा म्हणाले, चोळून काय व्हतंय, आमच्याकडं ओव्याची धुरी देत्यात, प्वार असू दे न्हाईतर बाळंतीण, धुरी दिली की छाती मोकळी. आता हितं निखारा कुठला आणायचा? आणि मग त्यांनी टाकीकडे बघितलं. की मी बघितलं? हे मी फार वेळा आठवून पाहिलंय. अण्णांनी टाकीकडे बघितलं असं मला सांगायला आवडलं असतं. पण मी बघितलं. मी म्हटलं, अण्णा, निखारा कशाला, तार आहे की.

मी दोन चमचे तेल टाकीत घातलं. तेल लिक्विडमध्ये मिसळत नाही, वर तरंगतं. मग माझ्या डोक्यात आलं की वात दोन ठेवू, एक खालच्या लिक्विडसाठी, एक वरच्या तेलासाठी. तीन दिवस लागले ते जमवायला. इतका खूश होतो मी, वाटलं माइस्टर असता तर दाखवलं असतं. अण्णांनी ओढली, डोळे मिटले, म्हणाले, घरला गेल्यागत वाटतंय.

चौथ्या दिवशी प्लास्टिकच्या नळीवर केसासारख्या चिरा दिसल्या. पाचव्या दिवशी नळी माझ्या हातात फुटली, बिस्किटासारखी. लवंगेच्या तेलाने ती खाल्ली होती. मला ते कळलं, ताई. मी एका मिनिटात ओळखलं. चौतीस वर्षं तेच केलं होतं. आणि मी काय केलं, तर कारखान्यातली जुनी काचेची नळी कपाटात होती, ती कापून बसवली. काचेला तेल काही करत नाही. टाकी दुरुस्त झाली. जे प्लास्टिक खातं ते ह्या माणसाच्या छातीत रोज जातंय, हे माझ्या मनात आलं नाही. तेल तापून आत जाऊन बसतं, लवंग नसती तरी बसलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण विचारायला तर हवं होतं. मी गळती थांबवली. बाकी काही विचारलं नाही.

केलरमध्ये लवंगेचा वास साचायला लागला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई, फार नीटनेटक्या, जिन्यात थांबून म्हणाल्या, तुमच्याकडे दाताच्या दवाखान्यासारखा वास येतो. त्यांच्याकडे लवंगेचं तेल दाताला लावतात ना. संध्याकाळी पाचलाच अंधार पडायचा, अण्णा स्टुलावर, तोंडापुढे वाफ, आणि ती वाफ पूर्वीसारखी विरायची नाही, तेलकट, जड, त्यांच्या गुडघ्यांवर बसून राहायची.

एका रविवारी सगळे जावयाकडे जेवायला बसलो होतो. नात पाच वर्षांची, तिला मराठी कळतं पण उत्तर जर्मनमधून देते. ती अण्णांना टेकून बसली होती, मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, डेर आंडरे ओपा ब्लुबर्ट. म्हणजे दुसरे आजोबा गुळगुळ करतायत. सगळे हसले. मी उठून अण्णांच्या मागे गेलो, पाठीवर हात ठेवतोय असं दाखवलं आणि कान जवळ नेला. तोच आवाज, ताई. खोल, ओला. त्यांच्या हातात टाकी नव्हती. मी टाकी लगेच फोडायला हवी होती. मी घरी जाऊन वरची रिंग बदलली.

पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडेच कोसळले. ओठ निळे. अँब्युलन्समध्ये मीच बरोबर. जावई डार्मश्टाटहून निघाला होता, पोचायला तास लागणार होता. अण्णांना जर्मन नाही, इंग्रजी चार शब्द, तेव्हा डॉक्टर आणि त्यांच्या मधे मी. तरुण डॉक्टर होती, शांत. तिने फोटो बघितला होता छातीचा. किती वर्षं बिडी, विचारलं, मी सांगितलं. ई-सिगारेट? मी म्हटलं, हो, दुकानातली. मग ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, यांच्या श्वासातून काही तेलकट गेलंय का आत? कुठलंही तेल? कृपा करून त्यांनाच विचारा, हे महत्त्वाचं आहे.

मी अण्णांकडे वळलो. तोंडावर मास्क, डोळे माझ्यावर. आणि मी मराठीत विचारलं, अण्णा, पाणी हवंय का?

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

डॉक्टरने ते बघितलं. मी म्हटलं, नाइन, नाही म्हणतायत. तिने लिहून घेतलं.

का, म्हणाल. मुलीच्या संसाराचा विचार आला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं सांगू? मला त्या टाकीची लाज वाटली. फिटरने केलेलं चुकीचं काम उघड्यावर येतं ना, ती लाज. इतकीच. आणि अण्णा माझ्याकडे बघत होते, विश्वासाने, त्यांना वाटलं असेल पाव्हणं सगळं सांगतायत.

जंतुसंसर्ग समजून औषधं चालू झाली. तेल कळलं असतं तर छाती आतून धुतात म्हणे, वेगळे उपचार देतात. वाचले असते का ते मला माहीत नाही, आणि कुणाला विचारायचीही सोय मी ठेवली नाही. अकराव्या दिवशी गेले. सगळे म्हणाले, बिडी भोवली. जावईसुद्धा म्हणाला, रडत रडत, बाबा, तुम्ही होतात म्हणून ते इथे रमले.

त्यानंतर मी केलरमध्ये जायचं बंद केलं. टाकी तिथेच फळीवर, रिकामी, मी स्वतः उलटी करून ठेवलेली. एप्रिलमध्ये मीटर वाचायला माणूस आला म्हणून दार उघडावं लागलं. टाकीखाली फळीवर तेलाचा गोल डाग, ओला. वातीत मुरलेलं झिरपलं असेल, मी पुसला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो, पुन्हा ओला. किती तेल मुरतं हो दोन वातींत? मी फिटर आहे, मी मोजून सांगू शकतो किती मुरतं. इतकं नाही मुरत.

आणि मे महिन्यात त्या वरच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमचे पाहुणे परत आले वाटतं? मी म्हटलं, कोण पाहुणे? म्हणाल्या, ते टोपीवाले, मघाशी मी सायकल ठेवायला खाली गेले तर तुमच्या खोलीत बसले होते, फळ्यांच्या फटीतून दिसले, मी हॅलो म्हटलं, नेहमीसारखंच काही बोलले नाहीत, त्यांचा तो पाइप गुळगुळत होता. मी त्यांना सांगितलं नाही की ते गेले. मी म्हटलं, गेनाऊ, बरोबर, आलेत. आणखी एक खोटं. त्या हल्लीसुद्धा अधूनमधून म्हणतात, तुमच्या पाहुण्यांना बरं नाही का, फार धाप लागते त्यांना. मी म्हणतो, हो, वय झालंय.

मी भुताखेतांवाला माणूस नाही. म्हातारी बाई आहे, काहीतरी बघते. पण खाली जाऊन बघायचं धाडस माझं झालेलं नाही.

वर्षश्राद्धाला मी इस्लामपूरला गेलो. एकटा गेलो, मुलगी-जावयाच्या आधी दोन दिवस, मुद्दाम. विमानात वाक्य तयार केलं, घोकलं, वडगावपासून गाडीत तेच. विहीणबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, गुडघे धरलेले, उठायला लागल्या, मी म्हटलं बसा. चहा झाला. मी म्हटलं, विहीणबाई, मला तुम्हाला अण्णांचं एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, सांगा की, पण आधी मला येक सांगा, त्येंनी माझं त्याल वापरलं का? का तसंच पडून ऱ्हायलं? वरीसभर मनात हाय माझ्या, कुणाला इचारू?

काय सांगू तुम्हाला. मी सांगितलं असतं तर त्यांच्या कानावर माझं पाप गेलंच नसतं, ताई. त्यांना फक्त तेवढंच ऐकू आलं असतं, की माझ्या हातच्या तेलाने माझा नवरा गेला. ह्याच्यापुढे मी गप्प राहिलो ती दया होती, असं म्हणता येईल. म्हणू नका. मला सुटका मिळाली आणि मी ती घेतली, तेवढंच ते होतं.

मी म्हटलं, वापरलं. शेवटच्या थेंबापर्यंत.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या, बरं झालं, माझं कायतरी त्येंच्यासंगं हुतं म्हणायचं. मग म्हणाल्या, काय सांगत हुता तुमी? मी म्हटलं, काही नाही, हेच. त्या म्हणाल्या, जेवून जावा. मी जेवलो.

त्या आहेत अजून. ठणठणीत आहेत, दिवाळीला फोन करतात, तब्येतीला जपा म्हणतात. मी उणेपुरे एक-दोन हिवाळे आणखी, मला माझ्या छातीचा आवाज कळतो. हे तुम्ही लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं की नाही, ते मुलीने ठरवावं, तिलाही आता हे कळेलच. मी घोकलेलं वाक्य तेवढं खाली घाला, जसं होतं तसं. विहीणबाई, तेलाचा काही दोष नव्हता, ते छातीला चोळायचं होतं, मी ते जाळून अण्णांच्या आत घातलं आणि विचारलं तेव्हा नाही म्हणालो, मला क्षमा करा.