लोणच्याच्या बरणीखालचे आकडे

तुम्ही पासवर्डचं काय सांगता, माझं ऐका. मी हर्सूलला शाळेत शिकवतो. दहावीच्या प्रॅक्टिकलचे मार्क चार वाजेपर्यंत भरायचे होते, अन् लॅपटॉपनं नेमकं त्याच दिवशी अपडेट करून घेतलं. परत चालू झाला तर निळी स्क्रीन. म्हणे अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की टाका.

लॅपटॉप आपल्या सलीमनं सेट करून दिला होता. त्याला फोन लावला. "अरे, तेव्हाच लिहून दिली होती ना यार! तुमच्या कॅलेंडरच्या मागं."

कॅलेंडर गेल्या वर्षीचं. आईला विचारलं. "ते व्हय? फळीवर अंथरलंय, लोणच्याच्या बरणीखाली."

मी धावलो, तर आई आडवी आली. "आधी हात धू. पुसून कोरडे कर. लोणच्याला बुरशी आली तर तुझा लॅपटॉप भरून देणार हाय का?"

साडेतीन वाजलेले. हात धुतले, पुसले, तरी बरणी तिनंच उचलली. खाली सगळे आकडे जिथल्या तिथं, फक्त एकावर तेलाचा डाग. तिथं तीन टाकून पाहिला, नाय झालं. आठ टाकला अन् लॅपटॉप उघडला. मार्क वेळेत गेले.

सलीम अजून फोनवरच होता. "आता तरी तो नंबर सेफ जागी ठेव."

आईनं ऐकलं. "माझ्या बरणीला हात लावायची घरात कुणाची टाप हाय? याच्याहून सेफ जागा दाव म्हणावं त्याला."

कागद अजून तिथंच आहे. परवा परत अपडेट आलं. मी आधी हात धुतले, पुसून कोरडे केले, मगच बटण दाबलं.