मोबाईलमधले सर

“डॉक्टरीन सून आणली, अन् ते तं दिवसभर मोबाईलच पाहून राहिली!” आमच्या बाळापूरच्या घरी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मी दाराआड होते.

सोमवारी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा, आणि अभ्यास सगळा मोबाईलवरच्या रेकॉर्ड केलेल्या लेक्चरांचा. अभ्यासच चाललाय अशी सासूबाईंची खात्री पटावी म्हणून मी इयरफोन काढून मोठ्यानं लावलं. नेमकं गुडघ्याचं लेक्चर. झालं! कापूस वेचून आलेल्या बाया ओसरीवर पाय लांब करून बसल्या. दर मिनिटाला सरांना थांबवून मी कोणाचा तरी गुडघा दाबत होते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “तू राहू दे वं. माह्या गुडघ्याचं त्या सरलेच विचार.”

मी म्हटलं, “त्या सरले आपलं आयकू येत नाही, आत्याबाई. अन् ते तं कधीचेच पास झाले. मले अजून व्हायचं आहे.”