पांढरा प्लग

बाबा केंद्र सरकारात क्लार्क, मूळचे सातारचे, पण माझा आणि नितीनचा, म्हणजे धाकट्या भावाचा, जन्म आर. के. पुरमच्या क्वार्टरातला, घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी. बाबांचा एकच हट्ट, जे काय ते लेखी घ्या. मी फार शिकलो नाही, फरीदाबादला गॅरेज टाकलं, तरी त्यांची ती सवय माझ्यात उतरलीच बघा.

काम काय, तर डर्ट बाइकच्या इंजिनाची ताकद वाढवायची. लोक यायचे, भैया, पिकअप चाहिए. मग सिलेंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा, हेड घासायचं. मी आधीच सांगायचो, कंपनीचं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, हे माझं कधी बसेल सांगता येत नाही, आणि तसं वहीत लिहून सही घ्यायचो. लोक हसायचे, यार, ये तो सरकारी दफ्तर है.

नितीनला शर्यतीचं वेड. त्याचं इंजिन मी मे महिन्यात बनवलं, लू, म्हणजे तिकडचा गरम वारा, चालू होती, आवाज असा आला की काय सांगू तुम्हाला. त्याचीही सही घेतली, आई म्हणाली सख्ख्या भावाची सही घेतोस का रे, आम्ही तिघं हसलो.

शर्यत होती जानेवारीत, धुक्यात. आता हे समजून घ्या, थंडीत हवा जड होते, तिला पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आतून तापतं, म्हणून जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, मोठं लावायचं असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. नितीन सकाळी एक चक्कर मारून आला, मी प्लग काढला, तो चहाच्या रंगाचा हवा, पांढरा निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. जेट बदलायला अर्धा तास लागला असता आणि शर्यत सुटायला आली होती. तो म्हणाला दादा, कसा आहे, मी म्हणालो बिल्कुल ठीक, चलो, आणि प्लग परत बसवला.

तिसऱ्या चक्करला पिस्टन सिलेंडरला चिकटला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि नितीन पुढे फेकला गेला. मी धावलो नाही हो, चालत गेलो. का, ते अजून कळत नाही. डॉक्टर म्हणाले गुडघा आता वाकणार नाही, आई रडली, मला काही वाटलंच नाही, अजूनही फारसं वाटत नाही, त्याचीच भीती वाटते. मी म्हणालो सॉरी रे नित्या, तर म्हणतो सॉरी कशाला दादा, मी सही केली होती ना. मी मान हलवली. वहीत इंजिनाचं लिहिलं होतं, मी खोटं बोललो ते कुठे लिहिलं होतं. तुम्हाला सांगतोय, त्याला नाही सांगितलं.

आता ते काम बंद केलं, नुसती सर्व्हिसिंग करतो. नितीन माझ्याकडेच असतो, फार वेळ उभं राहवत नाही म्हणून स्टुलावर बसून प्लग साफ करतो. रंग ओळखायला मी शिकवलं नाही, त्याचा तोच शिकला. प्रत्येक प्लग आधी मला दाखवतो, दादा, कसा आहे. मी बघतो, ठीक म्हणतो. मग तो उठतो, पाय ओढत दारापर्यंत जातो, उजेडात धरून स्वतः बघतो आणि मगच बसवतो. बघू दे. सुखात राहू दे त्याला.