विंगेतला घसा

(नाट्यगृहातली मेकअपची खोली. दुपारच्या प्रयोगाचा दुसरा अंक आत्ताच संपलाय.)

दादा : ...एकदा नाही, दोनदा नाही, तीन वेळा मी विंगेकडे बघितलं! आणि तू आपली पुस्तक छातीशी धरून उभी. टिटवे, तू माझी प्रॉम्प्टर आहेस की फुकट पासवाली प्रेक्षक?

टिटवी : वाक्य दिलं होतं.

दादा : कुणाला? पडद्याला?

टिटवी : तुला. तिन्ही वेळा.

दादा : मग पोचलं का नाही? अठ्ठावीस वर्षं तुझी कुजबुज बरोबर माझ्या कानात पडत आली. पहिल्या रांगेतल्या माणसाला कधी पत्ता लागला नाही. लोक म्हणायचे, काय पाठांतर आहे या माणसाचं! मी मान डोलवायचो आणि तू आत बसून गालातल्या गालात हसायचीस. आता काय करून ठेवलंयस त्या घशाचं?

टिटवी : पाणी दे. थर्मासमधलं.

दादा : घे. सावकाश. सात आठवडे झाले गं. ताप गेला, खोकला गेला, गोळ्यांची पाकिटं संपली. घसा मात्र ठाण मांडून बसलाय. लोकांचा घसा आठ दिवसांत सुटतो.

टिटवी : माझा नाही सुटला.

दादा : गुळण्या करतेस का? की नुसतं हो हो म्हणतेस?

टिटवी : दिवसातून चार वेळा. वाफ दोनदा. तरी थुंकी गिळताना काच गिळल्यासारखं होतं. डावा कान ठणकतो. आणि त्यात तुझा तो दुसऱ्या अंकातला धूर.

दादा : धूर मी नाही ठेवला, दिग्दर्शकानं ठेवलाय. बरं, आता बोलू नकोस. जपून ठेव. तिसऱ्या अंकात माझं निकालपत्र आहे, दोन पानं. तिथं न्यायाधीश अडखळला तर नाटकच झोपलं.

सून : बाबा, येऊ का? आलेच. चहा ठेवलाय, बिनसाखरेचा. आत्या, तुमच्यासाठी कोमट पाणी. आणि हे काय, तुम्ही बोलताय? सकाळी काय ठरलं आपलं?

दादा : काय ठरलं?

सून : अजून सांगितलं नाही ह्यांना? कमाल आहे तुमची. बाबा, सकाळी मी आत्यांना घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं. इन्फेक्शन कधीच गेलंय म्हणाले. आता जे दुखतंय ते सुजेचं. सूज उतरत नाहीये, कारण घशाला सुट्टीच नाही.

दादा : सुट्टी नाही कशी? घरात ही एक शब्द मोठ्यानं बोलत नाही. दूधवाल्याशी कुजबुजते, फोनवर कुजबुजते. परवा मांजराला हाकलताना कुजबुजली, मांजर ढिम्म हललं नाही.

सून : तेच तर! तेच चुकलं. डॉक्टर म्हणाले, घसा दुखत असताना कुजबुजण्यासारखं वाईट काही नाही. साध्या हळू बोलण्यापेक्षा त्यानं जास्त ताण येतो. आत्यांना वाटलं, आपण आवाजाला आराम देतोय. सात आठवडे बाई घाव उकरत बसल्यात.

दादा : कुजबुजणं म्हणजेच आराम, असं आम्ही नाटकवाले समजत आलो.

सून : चुकीचं समजत आलात. बरं, आता तीन आठवडे मौन. पूर्ण. आजपासूनच सांगितलं होतं, पण ह्या म्हणाल्या, आजचा प्रयोग होऊ दे. नाही ऐकलं तर आवाज असाच राहील, फाटका. कदाचित कायमचा.

दादा : आणि पुढचे नऊ प्रयोग? बुकिंग झालंय.

सून : त्याचा विचार केलाय मी. तुमच्या कानात छोटं यंत्र बसवू. मी आत बसून माईकवर वाचेन.

टिटवी : उपयोग नाही.

सून : का नाही? उलट बरं पडेल. आत्या, राग मानू नका, पण आज तुमची कुजबुज फार बाहेर जात होती. आत्ता पायऱ्यांवर एक बाई मला विचारत होत्या, न्यायाधीश बोलायच्या आधी मागून कोण बोलतं?

दादा : पहिल्या रांगेतल्या असतील.

सून : सातव्या रांगेतल्या. म्हणून म्हणते, कानात यंत्र घातलं की...

टिटवी : पोरी, जा जरा. पहिली घंटा थांबव.

सून : थांबवू? का? काय झालं? बाबा, चहा घ्या ना. बरं, जाते. पाच मिनिटं, जास्त नाही.

दादा : सातव्या रांगेत.

टिटवी : चहा घे.

दादा : मी तुझ्यापासून पाच पावलांवर होतो.

टिटवी : सहा.

दादा : उद्या कान तपासून घेतो. वय झालं की मळ धरतो.

टिटवी : कान मागच्या महिन्यात तपासले आपण. स्वच्छ आहेत.

दादा : अगं मग...

टिटवी : तू ऐकतोस, दादा. मी वाक्य देते, तू माझ्याकडे बघून मानसुद्धा हलवतोस. आणि समोर वळेपर्यंत ते गेलेलं असतं.

दादा : कधीपासून?

टिटवी : बोलायला लावू नकोस फार.

दादा : आता बोल. नंतर तीन आठवडे तोंड उघडू नकोस, पण आता बोल.

टिटवी : माझ्या तापाच्या आधीपासून. गेल्या वर्षी अंकाला चार-पाच वाक्यं द्यायचे. मग पानाला चार-पाच. आता पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सगळं मी बोलते, तू मागून बोलतोस. तापानं घसा धरला, हे खरं. पण त्यानंतर त्याला सोडलं नाही ते ह्या नाटकानं.

दादा : आणि मी सात आठवडे तुझ्या घशाला शिव्या घालतोय.

टिटवी : घाल की. बरं वाटायचं मला.

दादा : वेड लागलंय तुला? मघाशी विंगेत चारचौघांसमोर तुला निकामी म्हणालो. दिवेवाला ऐकत होता.

टिटवी : घशाला निकामी म्हणालास. घसा बरा होतो. आज नाही तर पुढच्या आठवड्यात, असं म्हणता येतं. माझा घसा आजारी होता तोवर तू धड होतास. मला बरं व्हायची काही घाई नव्हती.

दादा : टिटवे...

टिटवी : आता रडू नकोस. मेकअप जाईल.

दादा : मला वाटायचं, तुझा घसा एकदा सुटला की सगळं पहिल्यासारखं होईल. मी तारखा मोजायचो. मधाची बाटली मी आणली ती काय प्रेमापोटी? मला माझी वाक्यं परत हवी होती.

टिटवी : माहीत आहे. मध चांगला होता पण.

दादा : तिथं उभा राहिलो ना, की समोर नुसता उजेड. तोंडात काही नाही. कोण कुठला न्यायाधीश, कशाचा निकाल, काही म्हणजे काही नाही. मला फार भीती वाटते गं.

टिटवी : मलाही वाटते.

दादा : तू तरी म्हण, काही नाही होत म्हणून.

टिटवी : तेवढ्यासाठी घसा नाही दुखवून घेणार.

दादा : हस. हस माझ्यावर. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला बाकाखाली बसून माझी कविता कोण सांगत होतं? तू. बक्षीस कुणाला मिळालं? मला.

टिटवी : आणि नंतर नाटकात मला घेऊ नका म्हणून मास्तरांना कोण म्हणालं?

दादा : मी. टिटवीसारखा आवाज आहे हिचा, म्हणालो. तेव्हापासून सगळं गाव तुला टिटवी म्हणायला लागलं.

टिटवी : तीच टिटवी तुला पुरली.

दादा : पुरली. खरंच पुरली. माझं स्वतःचं होतं काय मग?

टिटवी : आवाज होता. अजून आहे.

सून : आत्या, पहिली घंटा दिली मी, लोक टाळ्या वाजवायला लागलेत. बाबा, तुमचा झगा कुठाय? आणि मिशी सुटलीये एका बाजूनं. अहो, काय झालं दोघांना?

दादा : तिसरा अंक होणार नाही.

सून : असं कसं होणार नाही? सहाशे माणसं बसलीयेत बाहेर!

दादा : निकालपत्र मला येत नाही. हिनं दिलं तरी येत नाही. कानात यंत्र घाल नाहीतर ढोल वाजव, येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. सून आहेस म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

सून : बाबा... मला वाटलं, आत्यांच्या घशामुळे... मी तर सकाळी डॉक्टरांना विचारत होते, प्रयोगापुरतं इंजेक्शन देता येईल का म्हणून.

टिटवी : सगळ्यांनाच तसं वाटलं. राहू दे.

सून : मग लोकांना काय सांगू मी?

दादा : खरं सांग. न्यायाधीश सगळं विसरला म्हणून सांग.

टिटवी : नाही. घसा सांग.

सून : कुणाचा?

टिटवी : ह्याचा. घसा बसलाय म्हणावं. नटाचा घसा बसतो, लोकांना कळतं ते. हळहळतात, घरी जातात. दुसरं सांगितलंस तर हा ज्या-ज्या लग्नात जाईल तिथं लोक मोठ्यानं आणि सावकाश बोलतील ह्याच्याशी. लहान मुलाशी बोलतात तसं.

सून : पण घसा तर तुमचा दुखतोय, आत्या.

टिटवी : मला आता तो कशाला लागतोय?

दादा : तुझं दुखणं देतेस मला?

टिटवी : घे. सवय आहे तुझी, माझं घेऊन बोलायची.

सून : ठीक. मी करते घोषणा. दोन मिनिटांत आटपते.

दादा : तू नाही. बेचाळीस वर्षं त्या पडद्यापुढे मी उभा राहिलोय. शेवटचं मी बोलणार. टिटवे, वाक्य दे.

टिटवी : रसिकहो, माझा घसा बसला आहे. तिसरा अंक होऊ शकणार नाही. क्षमा करा.

दादा : रसिकहो! माझा घसा बसला आहे! तिसरा अंक...

सून : बाबा, बाबा, अहो खणखणीत आवाज येतोय! बसलेला घसा असा असतो का? शेवटची रांगसुद्धा हसेल.

दादा : अरे हो. मग कसा असतो? टिटवे, परत बोल, मला बघू दे. गळा आत ओढतेस, मान जरा पुढे, आणि श्वास मध्येच तुटतो. असं? "पाणी दे. थर्मासमधलं."

सून : अगं बाई. हुबेहूब आत्या!

टिटवी : बघ. नक्कल विसरला नाहीस.

दादा : नक्कल अंगात असते. वाक्य दे.

टिटवी : रसिकहो, माझा घसा बसला आहे.

दादा : "रसिकहो..." पुढे?

टिटवी : माझा घसा.

दादा : "रसिकहो, माझा घसा बसला आहे. तिसरा अंक..." होणार नाही. आलं! आलं की गं!

सून : दुसरी घंटा देऊ का? की तिसरीच देऊ?

टिटवी : तिसरीच. आणि धूरवाल्याला सांग, यंत्र बंद कर.

सून : सांगते. बाबा, झगा राहू द्या, असेच चला. हात धरू का?

दादा : नको, लोक बघतील. तू पुढे हो. टिटवे, तू विंगेत उभी राहतेस ना?

टिटवी : डॉक्टर नको म्हणालेत.

दादा : तीन वाक्यं आहेत फक्त. मग तू तीन आठवडे गप्प. मीसुद्धा गप्प बसतो तुझ्याबरोबर, शप्पथ. घसा बसलाय म्हटल्यावर बसायलाच हवं मला. दोघं खिडकीशी बसू.

टिटवी : बसू. चल आता.

दादा : पुस्तक घेतलंस?

टिटवी : पुस्तकात नाहीये हे.

दादा : हां. बरोबर. ही तिसरी घंटा ना? माझ्या उजवीकडे थांब, नेहमीसारखी. सहा पावलं. जास्त लांब नको.

टिटवी : चार वर थांबते.

दादा : "रसिकहो, माझा..." टिटवे.

टिटवी : काय?

दादा : काय बसलंय माझं?

टिटवी : घसा, दादा.