दाढेतल्या खाचा

दाढ उपटणार या धास्तीनं चैताली दातांच्या दवाखान्यात जीव मुठीत धरून बसली होती. तेवढ्यात आतून एक म्हातारी बाहेर आली. शेजारी बसलेले आजोबा ताडकन उठले.

"उपटली व्हय दाढ, सोजर?"

"न्हाय ओ! बारक्या खाचा व्हत्या, त्यात लेप भरला. डोळ्याला दिसायचे न्हाईत असले कण हायत म्हनं त्यात. नॅनो का कायतरी. वरनं निळा उजेड मारला, झालं घट्ट."

चैतालीच्या जिवात जीव आला.

"मग कडक भाकरी?"

"खुशाल खावा म्हनल्या डॉक्टरीणबाई."

"सुटलो बाबा!"

"तुमी कशापायी सुटला? तुमच्या दाढा धड हायत की. कडक भाकरी आवडंना म्हनून तुमीच सोडली."

"तुज्याम्होरं कुडूमकुडूम वाजवत खाऊ व्हय?"

"...चला. वाटंत शेंगाचटणी घेऊ."